या की गड्ड्याला!

सोलापूरच्या माणसाला समोरच्याला घरी न बोलावणं जमत नाही. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा उतरता उतरता "या की एकदा घरी" म्हणतील. ती बाईही "येते की" म्हणेल, आणि दोघी एकमेकींचं नाव न विचारता आपापल्या वाटेनं चालू लागतील. यात कुणी खोटं बोलत नसतं. बोलावणं आपोआप निघतं तोंडातून, शिंकेसारखं.

दाक्षायणीच्या घरात तर हा पिढीजात आजार. बाळीवेशीतल्या एका गल्लीत त्यांचं घर, निळ्या दाराचं, दोन पायऱ्यांचं. अप्पांचं चाटी गल्लीत चादरींचं दुकान. गिऱ्हाईक पन्नास चादरी उलगडायला लावून काही न घेता निघालं, तरी अप्पा त्याला चहा पाजणार आणि वर म्हणणार, "या की गड्ड्याला!" गड्डा म्हणजे संक्रांतीच्या वेळची सिद्धरामेश्वरांची जत्रा. आणि अव्वा? अव्वाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे तिचा आग्रह निम्मा कानडीत, निम्मा मराठीत. "बर्री, बर्री, या, कुंदर्री, बसा!" गॅसची टाकी घेऊन आलेला माणूससुद्धा चिवडा खाल्ल्याशिवाय सुटायचा नाही. "आमच्या दारातनं आजवर एक माणूस 'जा' ऐकून गेला नाही," हे अव्वाचं आवडतं वाक्य. ते म्हणताना तिची मान अशी काही ताठ व्हायची की दाक्षीला हसू आवरायचं नाही.

दाक्षी स्वतः दहावीत. दिवाळीच्या आधी वक्तृत्व स्पर्धेत तिला ढाल मिळाली होती, तेव्हापासून तिच्या तोंडाचा नळ पाणी येण्याच्या दिवशी सोडल्यासारखा वाहत होता. सोलापुरात पाणी दिवसाआड नाही, चार-पाच दिवसांआड येतं. दाक्षी रोज यायची.

तिची मोठी बहीण दानेश्वरी, म्हणजे अक्का, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या कसल्याशा योजनेत तिची निवड झाली आणि दोन महिन्यांसाठी ती थेट हिंदी महासागरातल्या एका बेटावर, तिथल्या इस्पितळात काम शिकायला गेली. नकाशावर ते बेट म्हणजे झुरळानं सोडलेला ठिपका. अव्वानं बरोबर कडक भाकऱ्या दिल्या, शेंगांची चटणी दिली, अप्पांनी दुकानातली सगळ्यात जाड, लाल-हिरवी चादर दिली. "अप्पा, तिथं घामानं मरतंय माणूस, चादर कशाला?" अक्का म्हणाली. "राहू दे की. आपलं काहीतरी पाहिजे अंगावर," अप्पा म्हणाले.

रोज दाक्षी शाळेतून आली की व्हिडिओ कॉल. एका मजल्याचं पांढरं इस्पितळ, पुढे लांब व्हरांडा, नारळ, आणि सगळ्यामागे समुद्र. वॉर्डात नेटवर्क फक्त एकाच जागी धड मिळायचं, शेवटच्या खाटेपाशी, खिडकीजवळ.

"काय विचित्र लोक आहेत गं दाक्षे," अक्का एकदा म्हणाली. "पेशंटनं नर्सला सहज विचारलं, तुमचं घर कुठं, तर सगळ्या एकच उत्तर देतात, मला घरच नाही. आणि ड्युटी संपली की लगेच घरी जात नाहीत. चपला हातात घेऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहतात थोडा वेळ. कुणी मागं येत नाही ना, बघतात जणू."

"कंजूष असतील," दाक्षी म्हणाली. "पाहुणे नको असतील."

दोघी खदाखदा हसल्या.

खिडकीजवळच्या त्या खाटेवर बोनिफास नावाचे म्हातारे गृहस्थ होते. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस. फुप्फुसं गेलेली. भेटायला कुणी येत नसे. नर्सा त्यांचं सगळं नीट करायच्या, पण गप्पा नाहीत. अक्काला कसं राहवणार? तिनं त्यांना कडक भाकरी दुधात भिजवून भरवली. सोलापूर कुठं आहे ते सांगितलं. गड्डा सांगितला, नंदीध्वजांच्या उंचच उंच काठ्या सांगितल्या, ज्वारीचा कोवळा हुरडा आणि बरोबरची चटणी सांगितली. आणि शेवटी, अर्थातच, म्हणाली, "या की आमच्याकडं! गड्ड्याला या!"

"खरंच येऊ?" म्हातारबाबांनी विचारलं. कित्येक वर्षांत त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"म्हणजे काय! थांबा, घरच दाखवते तुम्हाला. दाक्षे, फिरव गं फोन."

दाक्षी तर काय, ढालवाली. तिनं फोन घेऊन घराची सहलच काढली. इंग्रजीत. हे निळं दार. या दोन पायऱ्या. चपला इथं बाहेर काढायच्या हं, अंकल. हे माजघर, ही माझी अव्वा, अव्वा हात हलव. अव्वानं पिठाचे हात हलवले आणि ओरडली, "बर्री, बर्री!"

"मी कुठं बसायचं?" फोनमधून आवाज आला. बारीक, पण अगदी स्पष्ट.

"ही खिडकीजवळची खुर्ची तुमची," दाक्षी म्हणाली. ती अप्पांची लोखंडी खुर्ची, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली. "यू मस्ट कम, अंकल! प्रॉमिस?"

पडद्यावर म्हाताऱ्याचा चेहरा होता. ते हसत नव्हते. ती खुर्ची लक्षात ठेवत असावेत तसे बघत होते.

"येईन," ते म्हणाले. "पण मग माझी खाट कोण सांभाळेल?"

"मी आहे ना!" अक्का हसून म्हणाली. "तुम्ही खुशाल जाऊन या."

तेवढ्यात पडद्याच्या कडेला एक उंच नर्स दिसली, सिस्टर ओडेट. तिच्या हातातला ट्रे वाकडा झाला होता आणि त्यातल्या गोळ्या एकेक करून खाली पडत होत्या. ती उचलत नव्हती.

भोगीच्या दिवशी घराला कुलूप लावून सगळे अक्षता सोहळा बघायला गेले. पांढऱ्या बाराबंदीतली हजारो माणसं, मधून डुलत येणारे नंदीध्वज, आणि "सत्यम सत्यम" म्हणताच चहूबाजूंनी उडालेल्या अक्षता. त्या गर्दीत दाक्षीच्या फोनवर अक्काचा निरोप येऊन पडला होता. तिनं तो घराच्या वाटेवर वाचला. बोनिफास आजोबा सकाळी गेले. काल त्यांनी कपाटातले चामड्याचे बूट मागून घेतले, पुसायला लावले. सकाळी बघते तर बूट घालून झोपलेले. नाड्या बांधलेल्या.

"बिचारे," अव्वा म्हणाली. "यायचं राहिलं त्यांचं."

घरी आले तर दारातली रांगोळी मधोमध फरफटलेली. कुलूप जसंच्या तसं. "त्या हेमावतीचं मांजर असणार," अव्वा म्हणाली. हेमावती काकू शेजारच्या. त्यांच्या मांजरावर गल्लीतला प्रत्येक गुन्हा नोंदवलेला असे.

बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, सगळे पानावर बसले. पहिला घोट घेऊन अप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"पाणी खारट लागतंय."

माठातलं खारट. पिंपातलं खारट. चार दिवस पुरवायचं पाणी! अव्वानं महापालिकेचा असा उद्धार केला की गल्ली ऐकत राहिली. पण हेमावती काकूंकडचं पाणी गोड होतं, आणि नळ तर एकच. दाक्षीनं शास्त्राच्या पुस्तकातलं सगळं आठवून पाहिलं. जलवाहिनीला गळती, क्षार, पिंपाचा गंज. एकही कारण माठाला लागू पडेना.

दुसऱ्या दिवशी तिला चपलांचं लक्षात आलं. दाराबाहेर घरातल्यांच्या चपला नेहमी एकमेकींवर चढलेल्या असत. आता त्या एका बाजूला सरकलेल्या होत्या, नीट, दाटीवाटीनं. कुणासाठी तरी जागा करून दिल्यासारख्या. आणि त्या मोकळ्या जागेत फरशीवर दोन ओले ठसे होते, बुटांच्या आकाराचे. जानेवारीच्या उन्हात सोलापूरची फरशी पाच मिनिटांत वाळते. हे ठसे संध्याकाळीही ओले होते.

आणि वास. दाक्षीनं समुद्र एकदाच पाहिला होता, सहलीला गेली तेव्हा. पण तो वास एकदा नाकात गेला की विसरत नाही.

सगळ्यात विचित्र म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर कुणी बसेना. कुणी ठरवलं नव्हतं. अप्पा दुकानातून आले, खुर्चीपर्यंत गेले, थबकले आणि खाली सतरंजीवर बसले.

"अप्पा, खुर्ची आहे की."

"असू दे. बरं वाटतं खाली," अप्पा म्हणाले, आणि दाक्षीनं पाहिलं, त्यांनी पाय आखडून घेतले होते. खुर्चीकडे पाय करून बसायला नको, म्हणून.

अक्काचे कॉल येत होते. ती आता त्या खाटेवरच बसून बोलायची. "नेटवर्क इथंच आहे ना," म्हणायची. मग एके दिवशी टेकून बसलेली दिसली. मग आडवी. अंगात बारीक ताप होता. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. हाताला सलाइनची सुई, अंगावर लाल-हिरवी चादर.

"सोमवारी विमान आहे की गं तुझं!" दाक्षी म्हणाली.

"हो ना," अक्का म्हणाली. मग खिडकीकडं बघत, "दाक्षे, आपलं दार कुठल्या रंगाचं आहे?"

"अक्का, थट्टा करू नको हं."

"नाही, आठवत होते," अक्का म्हणाली, आणि डोळे मिटले.

फोन कुणीतरी तिच्या हातातून अलगद काढून घेतला. सिस्टर ओडेट. तिचं इंग्रजी सावकाश होतं, प्रत्येक शब्द जपून टाकल्यासारखं.

"तुमच्याकडे कुणी आलंय का?"

दाक्षीनं खुर्चीकडे पाहिलं नाही. पण मान हलवली.

"जेवायला घाला. काही विचारू नका. तुमचा सण संपला की तो आपणहून उठेल. उठला की जाऊ द्या. फक्त जाऊ द्या." मग ती आणखी हळू बोलली. "थांब म्हणू नका. थांब म्हटलं तर तो थांबतो."

"आणि थांबला तर?"

सिस्टरनं फोन वळवला. खिडकी. समुद्र. खाटेखाली अक्काच्या चपला. त्या बाहेर, व्हरांड्यात असायच्या. आता खाटेखाली अगदी भिंतीपाशी ढकलून ठेवल्या होत्या, बरेच दिवस लागणार नसलेल्या वस्तूसारख्या.

"विमान सोमवारी," सिस्टर म्हणाली. "त्याच्या आत."

दाक्षीनं अव्वाला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगून टाकलं. ढालवाली मुलगी, पण आवाज सशासारखा. तिला वाटलं अव्वा हसेल, नाहीतर घाबरेल. अव्वाचा चेहरा मात्र रागानं लाल झाला.

"पाहुणा येऊन चार दिवस झाले, आणि तू मला आत्ता सांगतीस? उपाशी बसलाय की गं तो!"

"अव्वा!"

"काय अव्वा? बोलावलं कुणी? तुमीच ना दोघींनी?" अव्वा ताट पुसू लागली. आणि मग, ताट पुसता पुसताच, तिचा हात थांबला. "दानू घरी यायला पाहिजे," ती म्हणाली. एवढंच. मग तिनं भाकरी वाढली, डाळ वाढली, चटणी वाढली आणि ताट खुर्चीपुढच्या स्टुलावर नेऊन ठेवलं. तोंडातून अक्षर नाही. अव्वाला गप्प राहून वाढताना दाक्षी जन्मात पहिल्यांदा बघत होती.

थोड्या वेळानं ताट उचललं तेव्हा अन्न तसंच होतं. फक्त सगळ्याची चव गेलेली. चटणीसुद्धा. अव्वानं बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, "जेवला."

असं रोज चाललं. रोज दोघी मुक्यानं वाढायच्या. शाळेत जाताना दाक्षी दाराबाहेरचे ठसे बघायची. ओलेच.

रविवारी अव्वाच्या माहेराहून हुरड्याची कणसं आली. दुपारी अप्पा दुकानात, जत्रेच्या शेवटच्या दिवसाची गर्दी होती. मायलेकींनी मागच्या अंगणात गोवऱ्यांच्या आरावर कणसं भाजली, गरम गरम चोळली. हिरवेगार, लुसलुशीत दाणे. ताटलीत हुरडा, शेंगांची चटणी, गुळाचा खडा. हेच तर सांगितलं होतं अक्कानं त्यांना. ताटली स्टुलावर ठेवताना दाक्षीच्या मनात एकच वाक्य फिरत होतं. उद्या सोमवार. उद्या सोमवार.

दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर कुणीतरी जत्रेतली पिपाणी वाजवत होतं.

खुर्ची करकरली.

बसताना करकरते तशी नाही. उठताना.

फरशीवर एक ओला पाय उमटला. अनवाणी, मोठा, बोटं फाकलेली. मग दुसरा. सावकाश. म्हातारं माणूस भरल्या पोटी चालतं तसे. टीव्हीपाशी. ढालीपाशी. तिथं जरा थांबले. मग दाराकडे.

दाक्षीनं अव्वाचा हात धरला.

बाहेर बूट फरशीवर घासल्याचा आवाज आला. एक पाय बुटात गेला. दुसरा पाय आत गेला. चपलांजवळचे ठसे, दाक्षीच्या डोळ्यांदेखत, वाळले.

घरातला समुद्राचा वास पातळ झाला. जणू कुणी मोठी खिडकी उघडली होती.

वरच्या पायरीवर बुटाचा ठसा उमटला.

खालच्या पायरीवर उमटला.

आणि अव्वा, जिनं पंचवीस वर्षं दारातून जाणाऱ्या एकाही माणसाला तसं जाऊ दिलं नव्हतं, ती अव्वा पदराला हात पुसत पुढे झाली आणि म्हणाली,

"अय्यो, लगेच निघालात? कुंदर्री की, बसा की हो अजून!"

पिपाणी थांबली होती.

अव्वानं दोन्ही हात तोंडावर दाबले. बोटांमधून तिचे डोळे दाक्षीकडे बघत होते. लहान मुलाच्या हातून काचेचं भांडं पडलं की ते जसं बघतं, तसे.

खालच्या पायरीवरचा ठसा तसाच होता. मग वरच्या पायरीवर एक उमटला. टोक आतल्या बाजूला.

माजघरात खुर्ची करकरली.

सोमवारी अप्पा सकाळपासून फोनला चिकटून होते. कॉलेजचे लोक, विमान कंपनीचे लोक. दानेश्वरी विमानतळावर पोचलेलीच नाही एवढंच सगळे सांगत होते. "शाळेत जा तू," ते दाक्षीला म्हणाले. "घरात बसून काय करणार?" दाक्षी गेली. शाळेत कुणाशी एक शब्द बोलली नाही. मराठीच्या बाईंनी विचारलं, "काय गं, आज नळाला पाणी नाही वाटतं?" वर्ग हसला.

घरी आली तेव्हा दाराबाहेर चपला पुन्हा दाटीवाटीनं सरकलेल्या होत्या. मधली जागा ओली. दाक्षीनं तिकडे न बघता आपले शाळेचे बूट काढले, कडेला ठेवले, मोजे त्यात कोंबले आणि अनवाणी आत आली. अव्वा देवापाशी पाठमोरी बसली होती. स्टुलावर ताट वाढलेलं.

फोन वाजला. अक्का.

दाक्षीनं तो झटकन उचलला. पडद्यावर अक्का चांगली दिसत होती! ताप नाही, काही नाही. केस विंचरलेले, उशीला टेकून बसलेली. मागं खिडकी, समुद्र.

"अक्का! कशी आहेस? विमान का चुकवलंस गं?"

अक्का हसली. छान, सभ्य हसू. नव्या माणसाकडे बघून हसतात तसं.

"नमस्कार," ती म्हणाली. "तुमचं घर कुठं आहे?"

"अक्का, मी दाक्षी."

"हो का? छान नाव आहे." तिनं मान जरा पुढे केली, दाक्षीच्या मागचं घर नीट दिसावं म्हणून. "दार कुठल्या रंगाचं आहे तुमचं?"

"निळं," दाक्षी म्हणाली. रडू येत होतं. "निळं आहे गं. तूच तर रंगवलंस."

"आणि मी कुठं बसायचं?"

दाक्षीनं खिडकीकडे पाहिलं. खुर्चीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या खाली दबलेल्या होत्या.

"कुठं पण बस! माझ्या जागेवर बस!" दाक्षी ओरडली. "ये की गं घरी, अक्का! आत्ताच्या आत्ता ये!"

अक्काचा चेहरा उजळला. कित्येक वर्षांत कुणी बोलावलं नसावं, तसा.

"येईन की," ती म्हणाली. तिनं खाटेवरून हात फिरवला, लाल-हिरव्या चादरीची सुरकुती सारखी केली. "पण मग माझी खाट कोण सांभाळेल?"

दाक्षीनं ओठ घट्ट मिटून घेतले. पण 'माझ्या जागेवर बस' हे मघाशीच तोंडातून निघून गेलं होतं.

पायांना काहीतरी आवळल्यासारखं झालं, म्हणून तिनं खाली पाहिलं. शाळेचे बूट तिच्या पायांत होते. नाड्या बांधलेल्या.